वच्छलाबाईचं आवतन

सख्ख्या भावाला राखी बांधायला बहिणीला रिक्षात चढावं लागलं, असं कधी ऐकलंय? वच्छलाबाई गावंडेला चढावं लागलं. आणि तेही परगावी नाही, स्वतःच्या दारात, अकोल्याच्या जुन्या शहरात, सगळी गल्ली दात काढून बघत असताना.

झालं असं, की थोरला भाऊ रामराव हिवरखेडहून सकाळच्या गाडीनं आला, पाटावर बसला, ओवाळून घेतलं आणि बशीत चहा ओतून फुंकत होता. धाकटा पंजाबराव दरवर्षी दुपारून यायचा, म्हणजे दोघांची गाठ पडायची नाही. यंदा मेला लवकर उगवला. रिक्षा दारात थांबली, त्यानं एक पाय खाली टाकला, तर उंबऱ्याशी थोरल्याचे जोडे. पाय तसाच वर घेतला.

"वच्छे, तो हाय का आत?"

"हाय. मंग?"

"मंग मी नाई येत. तो गेला का सांग."

आतून रामराव बोलला, "सांग त्याले, माहा चहा व्हाचा हाय अजून. मी काहून उठू?"

"बाई, उतरवता का नेऊ वापस?" रिक्षावाला कावला.

वच्छलाबाईनं कपाळावर हात मारून घेतला, ओवाळणीचं ताट उचललं आणि चढली रिक्षात. निरांजन वाऱ्यानं विझलं. कुंकू भावाच्या कपाळाऐवजी नाकावर गेलं. समोरच्या माडीवरून कोणीतरी फोटोही काढला. राखी बांधून झाल्यावर तिनं एक पेढा भावाच्या आणि एक रिक्षावाल्याच्या तोंडात कोंबला, आणि दोघा भावांनाच काय, नदीपलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐका दोघंही! पोळ्याले मी हिवरखेडले येऊन राहिली. एका आंगनात, तुमा दोघाच्या मंधात बसून जेवीन. नाई जमलं, तं मी समजीन मले माहेरच नाई. पुन्हा ना राखी, ना भाऊबीज!"

नवरा नत्थुजी गिरणीच्या दारात उभा होता. फार कमी बोलणारा माणूस. त्यानं एवढंच विचारलं, "अन नाईच जमलं तं?"

"तं डबा घरून नेतोच ना मी. तीन वर्षं झाले, नेऊनच राहिली."

वच्छलाबाई बोलते ती ओरडूनच. जन्म पिठाच्या गिरणीत गेल्यावर माणसाचा आवाज आणखी कसा राहणार? गिरणी सासऱ्याची. नवी नवरी होऊन आली तेव्हा ती इतकं हळू बोलायची, की गिऱ्हाइकं म्हणायची, ही मुकी आहे काय. पट्ट्याच्या खडखडाटानं तिला बोलायला शिकवलं आणि गिऱ्हाइकांनी भांडायला. गिरणी म्हटली की भांडण आलंच. कोणाला गव्हावर ज्वारी दळलेली चालत नाही, कोणी म्हणतं माझा डबा पहिला होता, कोणी म्हणतं पीठ कमी आलं. वच्छलाबाईची यावर एक रीत ठरलेली. भांडणाऱ्या दोघांचेही डबे उचलायचे, ओट्याखाली सारायचे आणि तिसऱ्याचं दळण घ्यायचं. "तुमचं झालं का सांगजा, मंग घेतो." दोन मिनिटांत दोघं एकमेकांना म्हणतात, घ्या बाप्पा, तुमचंच घ्या पयले. गल्लीतली लोकं कौतुकानं म्हणायची, वच्छलाबाई कोर्टात बसायला पाहिजे होती.

कौतुक गेलं खड्ड्यात. सगळ्या गल्लीची भांडणं मिटवणाऱ्या बाईला स्वतःच्या दोन भावांचं भांडण मिटवता येत नव्हतं. अन भांडण तरी कशावरून? वाटणीवरून नाही, बायकांवरून नाही. चार ओळींवरून!

हिवरखेडच्या पोळ्यात ताथोडांच्या, म्हणजे वच्छलाबाईच्या माहेरच्या, जोडीला मान. तोरणाखालून पहिली जोडी त्यांची जायची, मग बाकी गावाची. बाप होता तोवर तो मान बापानं चालवला. बाप गेला, वाटण्या झाल्या, मान थोरल्याकडं आला. आणि रामरावानं बैल विकून ट्रॅक्टर घेतला. घ्या, कोण नाही म्हणतं? पण मग तीन वर्षांमागच्या पोळ्याला हा गडी शेजारच्या गावातून मागून आणलेली जोडी घेऊन तोरणाखाली उभा राहिला, वर झूल मखमलीची. आता पोळ्यात झडत्या म्हणायची पद्धत. कोणीतरी चार ओळी जुळवून कोणाची तरी टर उडवतो, गाव "हर हर महादेव" म्हणतं, हसतं आणि विसरतं. गावात झडत्यांचा वस्ताद म्हणजे धाकटा पंजाबराव. त्यानं थोरल्याकडं पाहून ठोकून दिली:

मान आमचा मोठा, गोठा पाहा तं खाली,
मांगून आनल्या बैलाले मखमलीची झूल आली,
ट्रॅक्टरले म्हना जरा हंबरून दाव,
मंग तोरनाखाली घेऊ पयलं तुहं नाव!

गाव हसून हसून लोळलं. पूर्वीचं असतं तर झडती त्याच मैदानात विरून गेली असती. पण कोणीतरी ती मोबाईलवर घेतली. सांजच्याला ती धामणगावला रामरावाच्या सासुरवाडीत पोचली आणि त्याच्या मेहुण्यानं फोन करून विचारलं, "काय जावईबुवा, हंबरला का ट्रॅक्टर?" संपलं! त्या दिवसापासून दोघा भावांत बोलणं बंद.

नुसतं बोलणं बंद झालं असतं तरी एक वेळ चाललं असतं. दोघांच्या वावरांत विहीर एक, मोटर एक. रामरावानं मोटरच्या पेटीला कुलूप ठोकलं. विहिरीकडं जायची वाट पंजाबरावाच्या वावरातून. त्यानं वाटेवर बाभळीचे काटे टाकले. आता बघा गंमत. एकाकडं किल्ली आहे पण वाट नाही. दुसऱ्याकडं वाट आहे पण किल्ली नाही. विहीर तुडुंब, आणि दोघांचाही हरभरा तहानेनं माना टाकतोय. ह्याला अक्कल म्हणायचं? वच्छलाबाई म्हणायची, "माह्या बापानं दोन पोट्टे जल्माले घातले अन डोस्कं एकच देलं. तेबी कोन नेलं मालूम नाई."

गावच्या तंटामुक्ती समितीनं दोन बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत दोघं पाठीला पाठ लावून बसले. दुसरीत मात्र सगळं जुळलं. कुलूप निघणार, काटे निघणार, झडतीबद्दल कोणी काही बोलणार नाही, सगळं ठरलं. अध्यक्षांनी मोठ्या आनंदानं म्हटलं, चला, आता समेटाचा चहा घेऊ. आणि तिथंच माशी शिंकली. चहा कोणाच्या घरी? रामराव म्हणे, मी मोठा, मी बिनआवतनाचा त्याच्या घरी जाणार नाही. पंजाबराव म्हणे, कुलूप त्यानं लावलं, मी त्याला आवतन देणार नाही. त्यावर बैठक उठली ती उठलीच. अध्यक्ष वच्छलाबाईला म्हणाले, "बाई, मी खुनाच्या वैऱ्याले एका पंगतीत बसवलं. पन तुमचे भाऊ माह्या आवाक्यातले नाईत."

या सगळ्यात मेली कोण? वच्छलाबाई. ती थोरल्याकडं जेवली की धाकटा म्हणायचा, तू त्याच्या पार्टीत गेली. धाकट्याकडं पाणी प्यायली की थोरला तोंड फिरवायचा. म्हणून ती कोणाकडंच जेवेना. अकोल्याहून भाकर-ठेचा बांधून न्यायची, दोन्ही घरी उभ्या उभ्या डोकवायची आणि स्टँडच्या बाकावर बसून डबा उघडायची. एकदा बसमधून उतरलेल्या ओळखीच्या बाईनं विचारलं, "काय वो वच्छलाबाई, माहेरी आल्या अन स्टँडवर जेवून राहिल्या?" तेव्हा तिच्या घशात जो घास अडकला, तो तीन वर्षं झाली, खाली उतरला नव्हता. लग्न झालेल्या बाईला माहेर म्हणजे काय लागतं हो? वाटणी नको, साडी नको. कोणीतरी ताट वाढून "बस" म्हणावं, एवढंच. एवढंही नशिबात नसेल, तर मग जन्माला तरी कशाला यायचं, असं तिला वाटायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती हिवरखेडला उतरली. पिशवीत सवयीनं डबा होताच.

ताथोडांचं घर एकच होतं, आता मधून भिंत घातलेली. भिंत पुढच्या ओसरीपासून निघते आणि मागं गोठ्यालाही चिरून जाते. गोठ्याच्या या अर्ध्यात पंजाबरावाची जोडी, त्या अर्ध्यात रामरावाचा ट्रॅक्टर. भिंत माणसाच्या डोक्याएवढी. पलीकडं कोणी खोकलं तरी इकडं ऐकू येतं. दोघी भावजया, थोरली कौशल्या आणि धाकटी रुखमा, तीन वर्षांपासून या भिंतीवरून विरजण आणि लोणचं देत-घेत होत्या, आणि दोघा नवऱ्यांना ते माहीत असून माहीत नव्हतं.

वच्छलाबाई आधी पंजाबरावाच्या गोठ्यात गेली. तो बैल धूत होता.

"हे पाहा पंजाब, मी बोलनी पुन्हा सुरू करून राहिली. तुहं काय म्हननं हाय, एकदाचं सांग."

"माहं काय म्हननं? कुलूप काढ म्हना त्याले."

पलीकडं ट्रॅक्टरवर फडकं फिरत होतं ते थांबलं. म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं. तरी वच्छलाबाई बाहेर निघाली, पुढच्या बोळीतून वळसा घालून, चिखल तुडवत, थोरल्याच्या दारातून गोठ्यात गेली.

"दादा, तो म्हनते कुलूप काढ."

"ऐकलं मी."

"ऐकलं तं बोल ना मंग!"

"त्याले सांग, पयले काटे उचल."

भिंतीपलीकडून पंजाबरावाचा आवाज आला, "वच्छे, त्याले सांग, काटे मी उचलतो, पन झडतीचं नाव काढाचं नाई."

"अरे, तो हे काय इथंच हाय! त्यानं ऐकलं!"

"ऐकलं असन. तू सांग."

"दादा, तो म्हनते..."

"ऐकलं मी. त्याले सांग, झडती वापस घेतल्याबिगर मी आयकत नसतो."

"झडती काय उसनी साखर हाय वापस द्याले?" वच्छलाबाई ओरडली. "निघाली तोंडातून, गेली! अन इथं कोन कोनाचं ऐकून राहिलं, ते त्या भिंतीले इचारा!"

असं किती वेळ चाललं, विचारू नका. ती इकडून तिकडं, तिकडून इकडं. चप्पल चिखलात दोनदा रुतली. गुडघे बोलायला लागले. दोघं भाऊ जागचे हलत नव्हते आणि एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकत होते. पण प्रत्येक शब्द बहिणीच्या तोंडूनच यायला हवा होता, जसं काही ती पोस्टातच नोकरीला होती. हळूहळू कुलूप निघायला तयार झालं. काटेही निघायला तयार झाले. झडतीवर पंजाबराव म्हणाला, उद्या पाहू. रामराव म्हणाला, पाहू म्हणजे काय ते पाहू. झालं, झडती उद्यावर गेली. उरलं ते आवतन, जिथं मागच्या बैठकीत गाडी रुतली होती.

"मंग उद्या एका आंगनात जेवाचं ना?" तिनं धाकट्याला विचारलं.

"त्याले याचं असन तं येऊ दे. मी आवतन देनार नाई."

वळसा. चिखल.

"दादा, उद्या जेवाले जाशीन ना त्याच्या आंगनात?"

"आवतन देलं तं जाईन. बिनआवतनाचा मी भिकारी नाई."

पुन्हा वळसा. या खेपेला वच्छलाबाई धाकट्याच्या गोठ्यात पोचली आणि गव्हाणीच्या काठावर मटकन बसली. आता तिच्यात उठायचंही त्राण नव्हतं. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही, यांचा सुंभसुद्धा जळत नव्हता. मेले तिघंही! म्हणजे दोघं. तिसरी ती स्वतः, जी असल्या दगडांपायी गिरणी बंद ठेवून आली होती.

दिवस मावळायला आला होता. रुखमानं हळद कालवलेलं तूप आणून ठेवलं. आज खांदशेकणी. वर्षभर जू ओढून बैलाचे खांदे दुखावलेले असतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते कोमट पाण्यानं शेकायचे, हळद-तूप चोळायचं आणि मग बैलाच्या कानाशी वाकून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. माणसासारखं, मानानं, अहो-जाहो करून. बैल बिचारा काय बोलणार? म्हणून त्याच्या वतीनं कोणीतरी "येतो" म्हणायचं. ताथोडांच्या घरी हे काम थोरल्या पोराचं. बाप आवतन द्यायचा आणि पोरगा रामराव बैलाच्या पोटामागं लपून घोगरा आवाज काढून म्हणायचा, "येतो!" लहानगी वच्छला दरवर्षी फसायची आणि आईला सांगायची, बैल बोलला. पुढं रामरावाला मिशा आल्या, पोरं झाली, तरी ते काम त्याचंच राहिलं. या तीन वर्षांत मात्र पंजाबरावच आवतन द्यायचा आणि पंजाबरावच, हळूच, इकडंतिकडं बघून "येतो" म्हणायचा.

पंजाबरावानं खांदे चोळले, हात पुसले. बैलाच्या कानाशी वाकला.

आणि वच्छलाबाईचं डोकं फिरलं. "वा रे वा! बैलाले आवतन हाय, भावाले नाई! बहीन स्टँडवर जेवते, अन बैलाले म्हना जेवाले या! बैल होऊन जल्माले आली असती मी, तं बरं झालं असतं!" बोलता बोलता तिचा आवाज फाटला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिला त्याचीही चीड आली. तिनं पदरानं तोंड खसाखसा पुसलं.

पंजाबरावानं बहिणीकडं पाहिलं नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवून, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

भिंतीपलीकडून आवाज आला, "येतो!"

घोगरा. पोटातून काढलेला. अगदी तसाच.

एका बैलानं शेपटी मारली. पलीकडं फडकं खाली पडल्याचा आवाज आला. रामरावाला स्वतःलाच कळलं नसावं आपण काय बोललो ते. सारी हयात तोंडाला लागलेली सवय, आवतन ऐकलं की बाहेर पडणार. पडली.

पंजाबराव म्हणाला, "वच्छे, इचार त्याले. बैलाच्या वतीनं म्हनला, का सोताच्या?"

पलीकडून, "सांग त्याले, जो म्हनला, तो म्हनला."

"इचार, मंग येनार का?"

"सांग, आवतन कोनाले होतं ते त्यानंच सांगावं पयले!"

वच्छलाबाई उठली. तिला एकदम गिरणीचा ओटा आठवला आणि आपण इतके दिवस काय गाढवपणा केला ते कळलं. भांडणाऱ्या दोघांचे डबे आपण ओट्याखाली सारतो, आणि इथं मात्र दोघांचंही दळण डोक्यावर घेऊन बोळीतून वळसे घालतो!

"मी नाई सांगत," ती म्हणाली.

"म्हंजे?" दोघंही एकदम बोलले, भिंतीच्या दोन बाजूंनी.

"म्हंजे माहं दुकान बंद. आता एक शब्द इकडचा तिकडं नेनार नाई. इचाराचं असन तं भिंतीले इचारा. मी चालली मानिकबाईकडं. मावसबहीन हाय माही, तिच्या घरी मले कोनी पार्टी इचारत नाई." तिनं पिशवी उचलली. "उद्या पोळा पाहाले येईन. जेवाले मले कोनी बोलावलं नाई. आवतन बैलाले हाय."

आणि ती गेली. बोळीच्या वळणापर्यंत तिनं कान मागं लावून ठेवले होते. ऐकू आली ती फक्त बैलांची घंटी. मरा, ती मनात म्हणाली, आणि माणिकबाईच्या घरी जाऊन आपला डबा उघडला. माणिकबाईनं गरम वरण आग्रहानं वाढलं, पण तिला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या मैदानात गाव लोटलं. आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं, जोड्या रांगेत. वच्छलाबाई बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहिली. डोळे तोरणाकडं नाही, बोळीच्या तोंडाकडं.

पंजाबरावाची जोडी आली. एका बैलाचा कासरा पंजाबरावाच्या हातात. दुसऱ्याचा कासरा रामरावाच्या हातात. दोघांच्या मधे दोन बैल, आणि दोघं एकमेकांकडं न बघता असे चालत होते, जसं काही बाजूला कोणी नाहीच.

घोळक्यात कुजबुज उठली. कोणीतरी धीर करून विचारलं, "काय रामरावजी, बोलनी झाली का?"

"बोलनी-गिलनी काई नाई," रामराव तोऱ्यात म्हणाला. "बैलाच्या वतीनं येतो म्हनलं, तं बैलासंगं या लागते. रीत हाय."

वच्छलाबाईनं दातओठ खाल्ले. रीत म्हणे! तीन वर्षं ही रीत कुठं शेण खायला गेली होती?

जोडी तोरणाखाली पहिल्या जागी उभी राहिली. ढोल थांबला. आणि पोरं ओरडायला लागली, "पंजाबभाऊ, झडती! झडती!" धडाधड मोबाईल वर झाले. आता हा वस्ताद तोंड उघडणार आणि कालपासूनचं सगळं मातीत जाणार. रामरावाची मान ताठ झाली. कासऱ्यावरची मूठ आवळली गेली.

पंजाबरावानं घसा खाकरला. थोरल्याकडं पाहिलं नाही. बायकांच्या घोळक्यात पाहिलं.

अकोल्याहून आली गिरनीवाली बाई,
दोन भाऊ दळाले, केली नाई घाई,
एकाचा निघाला भरडा, एकाचं पीठ,
तरी दोघं म्हनते, मीच तेवढा नीट!

"हर हर महादेव!" गाव दणाणलं. हसू उसळलं ते सगळं वच्छलाबाईच्या अंगावर. बायांनी तिला चिमटे काढले, पुढं ढकललं. तिनं तोंडावर पदर घेतला, रागानं की कशानं, तिलाही कळेना. सगळ्या गावासमोर मेल्यानं गिरणीवाली केली मला! पदराच्या फटीतून तिनं थोरल्याकडं पाहिलं. रामरावाच्या मिशा थरथरत होत्या. आवरायचा प्रयत्न करत होता, पण जमलं नाही. तो फस्सकन हसला, आणि मग पोट धरून हसला. हसणं थांबल्यावर बैलाच्या पाठीवरून ओरडून विचारलं, "वच्छे, इचार त्याले, भरडा कोन अन पीठ कोन?"

वच्छलाबाईनं तोंड फिरवून घेतलं. दुकान बंद म्हणजे बंद.

रामराव बैलाच्या वशिंडावरून मान वर काढून, तीन वर्षांत पहिल्यांदा, सरळ धाकट्याला म्हणाला, "भरडा कोन बे?"

"तू मोठा, तू सांग," पंजाबराव म्हणाला.

तेवढ्यात तोरण तुटलं, ढोल वाजला आणि पुढचं कोणाला ऐकू आलं नाही.

सांजच्याला पंजाबरावाच्या अंगणात आधी बैलांना पुरणपोळी चारली. भिंतीवरून कौशल्याचं पातेलं आलं, या खेपेला नवऱ्याच्या डोळ्यांदेखत. मग ताटं मांडली. एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मधे एक. रुखमा बोळीत आली, तिथं वच्छलाबाई पिशवी घेऊन उभीच होती. पुढं जाईना, मागंही जाईना.

"चाला ना बाई."

"मले आवतन नाई."

पंजाबराव दारात आला. मागं रामराव. धाकट्यानं थोरल्याकडं पाहिलं, तू मोठा, तू बोल, अशा नजरेनं. थोरल्यानं त्याच्याकडं पाहिलं, घर तुहं, तू बोल. आता यावरून पुन्हा एक बैठक बसते की काय, असं वच्छलाबाईला वाटलं, आणि तिनं पाय मागं घेतला. तसं दोघांच्याही तोंडून, एकाच वेळी, एकमेकांच्या पायात पाय घालत निघालं, "आवतन घे, जेवाले ये."

तिला काहीतरी सणसणीत बोलायचं होतं. तीन वर्षांचं साठलेलं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "येतो."

ती मधल्या ताटावर बसली. डाव्या हाताला थोरला, उजव्या हाताला धाकटा. कुलूप अजून पेटीवरच होतं, काटे अजून वाटेवरच होते, आणि उद्या सकाळी आधी कोण जाणार यावरून ही दोघं पुन्हा भांडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पुरणपोळीचा तुकडा तोडला, तुपात बुडवला आणि तोंडात घातला. घास सरळ खाली उतरला. तिनं लगेच दुसरा घेतला, मोठा.

"वच्छे," रामराव म्हणाला, "सांग त्याले, मीठ सरकव म्हना."

वच्छलाबाईचं तोंड भरलेलं होतं. ती मान खाली घालून जेवत राहिली. पंजाबरावानं तिच्या ताटावरून हात लांब केला आणि मिठाची वाटी थोरल्यापुढं ठेवली.